दिवसा सारखे, रात्री वेगळे: बैठकीसाठी दोन क्रीम छटांतली कोणती घ्यावी?

प्रश्न: आमचे राजेंद्र नगरात जुने घर आहे. बैठकीची खोली 12 बाय 14 फूट, उंची 10 फूट. मोठी खिडकी एकच आणि तीही उत्तरेला. खाली हिरवट कोटा फरशी, दार सागवानी पॉलिशचे. भिंती आठ वर्षांपासून पिस्ता रंगाच्या आहेत. दिवाळीआधी क्रीम रंग द्यायचे ठरले, पण दोन छटांवर येऊन अडकलो आहोत. एक हस्तिदंती, दुसरी सायीसारखी. दोन्हींचे 200 मिलिलीटरचे नमुने आणले आणि पेंटरने भिंतीवर शेजारी शेजारी तळहाताएवढे पट्टे मारून दिले. दिवसा दोन्ही सारख्याच दिसतात. रात्री ट्यूब लावली की हस्तिदंती हिरवट-पिवळी दिसते आणि साय गुलाबीसर. सासूबाई म्हणतात दोन्ही एकच आहेत, ह्यांना साय नको, मला हस्तिदंती नको. रंगाची खरेदी पितृपक्ष संपल्यावर घटस्थापनेला करणार आहोत. कोणती घ्यावी?
– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर: ताई, खोलीचे वर्णन वाचून आमचा कल सायीकडे आहे. पण पेंटरने मारलेल्या पट्ट्यांवरून हा निर्णय घेऊ नका. ते पट्टे चुकीच्या भिंतीवर आहेत, फार लहान आहेत आणि ज्या ट्यूबखाली तुम्ही ते बघता ती ट्यूबच आधी बदलायला हवी. दिवसा सारखे आणि रात्री वेगळे, हे तुम्ही टिपलेत ते मात्र अगदी नेमके आहे. उत्तर तिथूनच निघते.

आधी भिंतीचे बघू. हिरव्या रंगाच्या मधोमध कोणताही फिकट रंग ठेवला की तो आहे त्यापेक्षा तांबूस भासतो. आजूबाजूच्या रंगाच्या उलट दिशेला डोळा झुकतो, त्याला इलाज नाही. हे आत्ताच करून बघता येईल. ए-फोर मापाचा पांढरा कागद घ्या. त्यात दोन चौकोनी खिडक्या कापा, प्रत्येकी एक इंचाची, अशा अंतरावर की कागद भिंतीला टेकवला की एकीत हस्तिदंती दिसेल आणि दुसरीत साय. पिस्ता पूर्ण झाकला गेला पाहिजे. आता दोन हात लांब उभे राहून बघा. सायीचा गुलाबीपणा बराच उतरलेला दिसेल. जो उरेल तो तिचा स्वतःचा, आणि जो गेला तो पिस्त्याने दिलेला होता.

हस्तिदंतीवर दुसऱ्या बाजूने अन्याय झाला आहे. क्रीमसारख्या फिकट रंगाचा एक-दोन हातांचा थर पिस्ता पुरता झाकत नाही. खालचा हिरवा वर डोकावतो, आणि पिवळ्यात हिरवे मिसळले की काय होते ते सांगायला नको. म्हणजे रात्री दिसणाऱ्या हिरवटपणात थोडा वाटा जुन्या भिंतीचाही आहे.

तिसरी गोष्ट शेजारी शेजारी मारण्याची. दोन छटा एकमेकींना खेटून ठेवल्या की त्यांच्यातला फरक नेमका कळतो, आणि फरक शोधायचा असेल तर तसेच ठेवावे. पण तुमच्या बैठकीत एकच रंग असणार आहे. हस्तिदंतीच्या शेजारी गुलाबी वाटणारी साय, हस्तिदंती उचलून नेली की पुष्कळदा निव्वळ क्रीम वाटू लागते. म्हणून फरक बघताना दोन्ही एकत्र ठेवा आणि पसंती ठरवताना एकेक छटा वेगवेगळ्या दिवशी लावा.

आता उजेड. तुमच्या ट्यूबच्या खोक्यावर बहुधा 6500 केल्विन किंवा कूल डेलाइट असे लिहिलेले असेल. आपल्याकडे बहुतेक घरांत तीच असते. या निळसर पांढऱ्या उजेडात क्रीममधला उबदार पिवळेपणा दबतो. क्रीम रंग पांढऱ्या बेसमध्ये पिवळा ऑक्साइड घालून होतो. कशात सोबत थोडा तांबडा ऑक्साइड असतो, कशात काळ्याचा किंवा हिरव्याचा अंश. भर दिवसाच्या उजेडात दोन मिश्रणे एकसारखी दिसू शकतात, पण उजेड बदलला की फुटतात, कारण एलईडीच्या उजेडात सगळे रंग सूर्यप्रकाशासारखे भरलेले नसतात. तुमच्या सायीत तांबडा अंश आहे आणि हस्तिदंतीत नाही, असे लक्षणांवरून दिसते. खात्री दुकानात करता येईल. दोन्ही छटा शेडकार्डच्या ज्या पट्टीवर आहेत त्या पट्टीतला सर्वांत गडद रंग बघा. एक पट्टी खाली जाता जाता मोहरीकडे किंवा मेंदीकडे जाईल, दुसरी विटकरीकडे. फिकट छटेत लपलेला स्वभाव गडद छटेत उघडा पडतो.

म्हणून रंगाआधी दिवे ठरवा. बैठकीसाठी 4000 केल्विन, म्हणजे खोक्यावर नॅचरल व्हाइट किंवा न्यूट्रल व्हाइट लिहिलेले घ्या आणि त्यावर सीआरआयचा आकडा शोधा. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. 80 सर्वसाधारण, 90 चांगला. तुमच्या मापाच्या खोलीत 20 वॉटची एकच एलईडी ट्यूब कोपरे अंधारे ठेवते, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात प्रत्येक क्रीम मळकट दिसतो. समोरासमोरच्या भिंतींवर दोन ट्यूब लावा. रंग लागल्यानंतर दिवे बदलले तर तुम्ही निवडलेला रंग तुमच्याच भिंतीवर राहणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही चूक सर्वांत जास्त असते, आणि ती टाळणे सर्वांत सोपे आहे.

उत्तरेच्या खिडकीबद्दल इंदूरपुरते एक सांगायला हवे. आपण कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहोत. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडून उगवतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन आत येते, आणि जूनमध्ये तर भर दुपारीही सूर्य किंचित उत्तरेला असतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून पुढचे सहा महिने तिथून फक्त आकाशाचा उजेड येतो, स्थिर आणि निळसर. दिवाळीच्या तोंडावर केलेली चाचणी म्हणजे वर्षातल्या मंद उजेडाच्या सहामाहीतली चाचणी. जो रंग आत्ता बरा दिसेल तो मे-जूनमध्ये आणखी खुलेल. उन्हाळ्यात चाचणी करणाऱ्यांची उलट फसगत होते.

खिडकीसमोर काय आहे तेही बघा. समोरच्या घराची भिंत दहा-पंधरा फुटांवर असेल आणि ती गर्द पिवळी किंवा केशरी असेल, तर तो रंग परावर्तित होऊन तुमच्या भिंतीवर येतो. कडुनिंब किंवा गुलमोहर असेल तर हिरवा येतो. खाली हिरवट कोटा आहेच. त्यावरून उसळणारा उजेड भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांवर हिरवी झाक टाकतो. आमचा कल सायीकडे आहे तो याचसाठी: निळसर आकाश आणि हिरवा कोटा यांच्या मध्ये तांबूस अंश नसलेला पिवळा हिरवटच होणार, तर सायीतला थोडा तांबडा ती झाक खाऊन टाकतो. शिवाय सागवानी दाराच्या तांबूस तपकिरी रंगाशेजारी सायीचा गुलाबीपणा आणखी दबतो. पण तुम्ही 2700 किंवा 3000 केल्विनचे पिवळे दिवे लावणार असाल तर हिशेब उलटतो. त्या उजेडात साय पीचकडे झुकेल आणि हस्तिदंती सोज्वळ दिसेल.

हा झाला आमचा अंदाज. घरात खात्री अशी करा. 22 बाय 28 इंचाच्या पांढऱ्या जाड कार्डशीट आणा, चार नग. प्रत्येकीवर आधी पांढऱ्या वॉटर प्रायमरचा एक हात, तो वाळल्यावर रंगाचे दोन हात, मध्ये किमान चार तास. ब्रश नको, चार इंची छोटा रोलर वापरा, कारण भिंतही रोलरनेच होणार आहे आणि ब्रशच्या रेघा छटा बदलतात. दोन शीट हस्तिदंतीच्या, दोन सायीच्या. एका छटेच्या दोन शीटना दोन्ही हात मिळून दीडशे मिलिलीटरच्या आत रंग पुरतो, म्हणजे तुमच्या डब्यांत पट्टे मारून उरलेला रंग बहुतेक भागेल. कडेने दोन इंच पांढरी मोकळी सोडा. मागे छटेचे नाव आणि कोड लिहा, पुढे काही लिहू नका. ओला इमल्शन दुधट आणि फिकट दिसतो आणि वाळताना गडद होतो, म्हणून एक अख्खा दिवस जाऊ द्या, मग बघा.

पहिल्या दिवशी फक्त साय लावा. एक शीट खिडकीसमोरच्या भिंतीवर, एक खिडकीच्याच भिंतीवर, जिथे सर्वांत कमी उजेड पडतो. मागचा पिस्ता झाकायला पांढरी चादर खिळ्यांना अडकवली तरी पुरे. सकाळी आठच्या सुमारास, दुपारी एकला, पाचला आणि रात्री नवे दिवे लावून बघा. प्रत्येक वेळी बाहेरून खोलीत या आणि पहिल्या चार-पाच सेकंदांत काय वाटले ते कागदावर लिहा: पिवळा, गुलाबी, मळका, छान. जास्त वेळ टक लावून पाहिले की डोळा त्या रंगाला सरावतो आणि सगळेच पांढरे वाटू लागते. दुसऱ्या दिवशी तसेच हस्तिदंतीचे.

मग कोपऱ्याची चाचणी. ही बहुतेक लोक करत नाहीत आणि तीच सर्वांत बोलकी आहे. सायीच्या दोन्ही शीट कोपऱ्यात काटकोनात, कडा जुळवून उभ्या करा. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर उजेड फेकतात आणि जोडाजवळ रंग एक पायरी गडद होतो. चारही भिंती रंगल्यावर खोलीभर हेच होणार असते. शेडकार्डावर फिकट दिसणारा क्रीम खोलीत एकदम पिवळाधमक होतो तो यामुळे. कोपऱ्यात साय गुलाबी वाटली तर त्याच पट्टीवरची एक पायरी फिकट छटा घ्या, रंग बदलू नका.

मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकांना कोणता बरा ते विचारू नका. कॅमेरा उजेडाचा रंग स्वतःच दुरुस्त करतो, प्रत्येक फोटोत वेगळा. जी तांबूस-हिरवट झाक तुम्ही शोधता आहात, नेमकी तीच तो पुसून टाकतो.

सासूबाईंना फरक दिसत नाही यात हट्ट काही नाही. वय वाढते तसे डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि फिकट पिवळ्या-पांढऱ्यातले भेद पुसट होतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकाच डोळ्याची झाली असेल तर त्या डोळ्याला भिंत पांढरी आणि दुसऱ्याला क्रीम दिसते, आणि दोन्ही खरेच असते. पुरुषांत लाल-हिरव्याचा भेद कमी दिसण्याचे प्रमाण बायकांपेक्षा बरेच जास्त असते, तेव्हा यजमानांना साय वेगळी दिसत असणे शक्य आहे. तिघांनी एकाच वेळी, एकाच जागी बसून शीट बघा. सासूबाईंची खुर्ची जिथे असते तिथूनही बघा. दिवसभर ती भिंत त्यांच्यासमोर असणार आहे.

शेडकार्डावर किंवा कंपनीच्या माहितीत एलआरव्ही नावाचा आकडा असतो. रंग किती उजेड परत टाकतो ते तो सांगतो. शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे परिपूर्ण पांढरा. उत्तरेच्या एकाच खिडकीसाठी 70 च्या वरचा घ्या. दोन छटांत दोन-तीन आकड्यांचाच फरक असेल तर उजळपणाच्या नावाखाली वाद घालू नका, तो डोळ्याला कळणार नाही.

खरेदीची एक खाच आहे. फिकट छटेला दुकानातले रंग मिसळणारे टिंटिंग मशीन रंगद्रव्याचा अगदी थोडा डोस देते. 200 मिलिलीटरच्या डब्यात तो डोस इतका बारीक असतो की यंत्राची किंचित चूकही छटा हलवते. म्हणून लहान नमुन्यावरून एक छटा बाद करायची, पण अंतिम होकार द्यायचा नाही. घटस्थापनेला आधी निवडलेल्या छटेचा 1 लिटर आणा, त्याच कंपनीच्या, त्याच उत्पादनाचा, त्याच फिनिशचा, आणि जुन्या शीटच्या पांढऱ्या कडेवर त्याचा पट्टा मारून वाळल्यावर ताडून बघा. फिनिश महत्त्वाचे. तोच कोड मॅटमध्ये फिकट आणि मऊ दिसतो, चमक असलेल्या फिनिशमध्ये गडद, आणि चमक जुन्या भिंतीचे खड्डेही दाखवते. तुमच्या घरासाठी मॅट किंवा फार तर हलकी चमक. एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर करून देतो असे सियागंजातले दुकान म्हणो की कॉलनीतले, नको म्हणा. जवळपास येईल, तोच येणार नाही. आणि पेंटरने बाटलीतला स्टेनर, म्हणजे दाट रंगद्रव्य, टाकून थोडा उबदार करून देतो म्हटले तर अजिबात नको. पुढच्या वर्षी टचअपला तो रंग पुन्हा बनवता येत नाही.

किती लागेल? परिमिती 52 फूट, उंची 10, म्हणजे 520 चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता सुमारे 470. दोन हातांचे 940. लिटरमागे एका हाताला 120 ते 140 चौरस फूट धरले तर पावणेसात ते आठ लिटर. 1 लिटर आधीच आणलेला आहे, वर 4 लिटरचे दोन डबे एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्या. तिन्ही डबे एका स्वच्छ मोठ्या बादलीत ओतून ढवळा, मगच काम सुरू. नाहीतर दोन डब्यांतला किंचित फरक भिंतीच्या मधोमध रेघेसारखा दिसतो.

पितृपक्षाचे पंधरा दिवस भिंत वाळवायला द्या. पावसाळा नुकता ओसरतो आहे आणि आपल्या काळ्या मातीत पाया बराच काळ ओल धरून राहतो. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक फरशीपासून फूटभर वर चारही कडांना टेपने चिकटवा आणि 24 तासांनी काढा. आतून थेंब दिसले किंवा भिंत गडद झाली असेल तर तिथे रंग नको, आधी ओल कुठून येते ते शोधा. पांढरा लोणा फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातो आणि रंगाला पोपडे सुटतात.

पिस्त्यावर थेट क्रीम मारू देऊ नका. भिंत 180 नंबरच्या रेगमालाने घासून धूळ पुसा, खड्डे पुट्टीने भरून तिथे 320 ने गुळगुळीत करा, मग पूर्ण भिंतीला पांढरा वॉटर प्रायमर. एका हाताला साधारण 4 लिटर लागेल. वाळल्यावरही पिस्ता डोकावत असेल तर दुसरा हात द्या. पुट्टीचे ठिगळ प्रायमरविना राहिले तर ते रंग पिऊन घेते आणि नेमके तिथे वेगळी छटा दिसते. मग दोष निवडलेल्या रंगाला लागतो. पाणी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला, मग्याने मोजून, दोन्ही हातांना सारखे, आणि नळाला येणारे नर्मदेचे. बोरिंगचे जड पाणी नको. कडा ब्रशने मारल्या की लगेच, ओल्या असतानाच त्यांना रोलर भिडला पाहिजे. सकाळी कडा आणि दुपारी मधला भाग असे केले तर भिंतीभोवती गडद चौकट दिसते. एक भिंत सुरू केली की जेवणाची सुट्टी ती संपल्यावर.

थोडा रंग उरेलच. त्यातला अर्धा लिटर न पातळ केलेला काढून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा राहून त्यावर साय धरणार नाही. बरणीवर कोड, उत्पादन, फिनिश, बॅच आणि तारीख लिहून ती ऊन न लागणाऱ्या फडताळात ठेवा.